ऐक्य नावाचे वर्तमानपत्र

वर्तमानपत्राचे आयुष्य मुळातच एका दिवसाचे. सकाळी चहाबरोबर यावे, दुपारी घडी मोडून पसरावे, महिनाअखेरीस रद्दीवाल्याच्या तागडीत बसावे आणि शेवटी चण्याफुटाण्यांच्या पुडीला लागून कुणाच्या तरी खिशात संपावे, हा त्याचा ठरलेला प्रवास. त्याबद्दल कोणी शोक करीत नाही. मासिक बंद पडले तर निदान वर्गणी बुडाली म्हणून आपण चरफडतो. वर्तमानपत्र बंद पडले तर दुसरे घेतो. परंतु काही वर्तमानपत्रे अशी असतात, की ती गेली म्हणजे दुसरे घेता येत नाही, कारण दुसरे नसतेच. अशा एका वर्तमानपत्राची हकीकत गेली काही वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. ते मी कधी हातात धरले नाही, आणि धरले असते तरी मला त्यातले एक अक्षर लागले नसते. तरी त्याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याचे नाव ‘एयनिकाइट’. यिडिश भाषेत या शब्दाचा अर्थ ऐक्य, एकी. 1942 सालच्या जून महिन्याच्या 7 तारखेला त्याचा पहिला अंक निघाला, आणि 1948 च्या नोव्हेंबरात, 20 तारखेला, शेवटचा. म्हणजे उणीपुरी साडेसहा वर्षे. आपल्याकडे एवढ्या वयाच्या मुलाला पहिलीच्या वर्गात घालतात. तेवढ्या आयुष्यात या वर्तमानपत्राने महायुद्ध पाहिले, विजय पाहिला, आणि ज्यांच्या विजयासाठी त्याने जिवाचे रान केले त्यांच्याच हातून मरणही पाहिले.

यिडिश म्हणजे कोणती भाषा, हे आधी सांगितले पाहिजे. ज्यू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणातले बेने इस्राएल येतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने रायगड जिल्ह्यात ओळखले जाणारे. त्यांची मायबोली मराठी. ते इस्राएलला गेले तेव्हाही मराठी बरोबर घेऊन गेले. यिडिशशी त्यांचा संबंध नाही. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. तिचा सांगाडा जर्मन वळणाचा, अंगावर स्लाव्ह भाषांचे कपडे, देवाधर्माचे शब्द हिब्रूतले आणि लिपीही हिब्रूच, उजवीकडून डावीकडे जाणारी. हिब्रू ही प्रार्थनेची आणि पंडितांची भाषा. यिडिश ही चुलीपुढची, बाजारातली, पाळण्याजवळची. संस्कृतापुढे मराठीला पूर्वी जी जागा होती, जवळजवळ तीच. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जगात एक कोटीहून अधिक माणसे ती बोलत होती.

सोव्हिएत राज्याने आरंभी या भाषेचे मोठे लाड केले. शाळा काढल्या, नाटकशाळा काढली, प्रकाशनगृह काढले. हिब्रू मात्र त्यांना देवळातली भाषा म्हणून नकोशी. म्हणून त्यांनी एक गंमत केली. यिडिशमधले हिब्रू शब्द मूळ हिब्रू पद्धतीने लिहायचे नाहीत, कानाला ऐकू येतात तसे लिहायचे, असा दंडक घातला. आपल्याकडे 1962 साली अनुच्चारित अनुस्वार गेले तेव्हा केवढा वाद झाला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. आपला वाद व्याकरणाचा होता. तिथला वाद देवाचा होता. पानावरचे स्पेलिंग पाहून सांगता येई, की हा मजकूर मॉस्कोचा की न्यूयॉर्कचा.

पण लाडाचे दिवस फार टिकले नाहीत. 1926 च्या शिरगणतीत सोव्हिएत संघातल्या 70 टक्क्यांहून अधिक ज्यूंनी आपली मातृभाषा यिडिश म्हणून नोंदवली होती. 1939 साली तो आकडा सुमारे 40 टक्क्यांवर आला. शाळा एकामागून एक मिटल्या. मॉस्कोत ‘एमेस’ नावाचे यिडिश दैनिक होते. एमेस म्हणजे सत्य. ते 1938 साली बंद करण्यात आले. दूर पूर्वेकडे बिरोबिजान प्रांतात एक लहानसे पत्र निघत राहिले. मॉस्कोच्या ज्यूला आपल्या भाषेतले दैनिक आता आपल्या शहरात मिळेना.

आणि मग हिटलर चालून आला. 1941 च्या जून महिन्यात जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या, ऑक्टोबरात त्या मॉस्कोच्या जवळ येऊन ठेपल्या. सरकारी कचेऱ्या आणि परदेशी वकिलाती शेकडो मैल मागे, व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्ह शहरात हलवल्या गेल्या. आज त्या शहराला पुन्हा त्याचे जुने नाव, समारा, मिळाले आहे. लक्षावधी निर्वासित आगगाड्यांतून पूर्वेकडे लोटले जात होते. अशा वेळी सरकारला आठवण झाली, की अमेरिकेत ज्यू राहतात, त्यांच्याजवळ पैसा आहे, वर्तमानपत्रे आहेत, आवाज आहे. त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस हवा. म्हणून सोव्हिएत माहिती खात्याच्या पंखाखाली ज्यू फॅसिस्टविरोधी समिती उभी राहिली. स्लाव्हांची, स्त्रियांची, तरुणांची, शास्त्रज्ञांची अशा समित्या निघाल्या, तशीच ही पाचवी. तिचे अध्यक्ष होते सोलोमन मिखोएल्स, मॉस्कोच्या यिडिश रंगभूमीचे थोर नट. त्यांचा लिअर राजा ज्यांनी पाहिला ते जन्मभर विसरले नाहीत, असे म्हणतात. त्या नाटकात लिअरच्या विदूषकाची भूमिका करणारे बेन्यामिन झुस्किन हेही पुढे समितीत आले. राजा आणि विदूषक दोघांच्या नशिबी काय लिहिले होते, ते पुढे येईलच.

या समितीचे मुखपत्र म्हणून ‘एयनिकाइट’ निघाले. संपादक शाख्नो एपश्टाइन. आरंभी महिन्यातून तीनदा, मग आठवड्याला, आणि 1945 च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीनदा. युद्धाचे पारडे फिरल्यावर त्याची कचेरीही कुइबिशेव्हहून मॉस्कोला आली. लिहिणारे कोण? कवी पेरेत्स मार्किश, कादंबरीकार डेव्हिड बर्गेल्सन, कवी इत्सिक फेफर, डेव्हिड होफश्टाइन, आणि लेब क्वित्को. क्वित्कोंच्या बालकविता रशियन भाषांतरातून देशभरच्या पोरांना पाठ होत्या; मुलांना कवीचे नाव ठाऊक असो वा नसो, घोड्यांवरची आणि मांजरांवरची गाणी ठाऊक होती. रशियनमध्ये लिहिणारे इल्या एहरेनबुर्ग आणि वासिली ग्रोसमन यांचेही लेख यिडिशमध्ये उतरून या पत्रात येत.

हे पत्र निर्भीड होते, स्वतंत्र बाण्याचे होते, असे मी सांगू लागलो तर ते खोटे होईल. ते सरकारी वर्तमानपत्र होते. त्याच्या पानोपानी स्टालिनचा जयजयकार असे. काय छापायचे आणि काय नाही, हे वरून ठरे. बातम्या म्हणजे बहुधा शौर्याच्या: अमुक आघाडीवर अमुक ज्यू सैनिकाने रणगाडा उडवला, तमुक कारखान्यात तमुक बाईने दुप्पट काम केले. लाल सेनेत सुमारे 5 लाख ज्यू लढत होते, तेव्हा या बातम्या खोट्याही नव्हत्या. त्यांचा हेतू मात्र उघड होता. अमेरिकेतल्या वाचकाने त्या वाचाव्यात आणि खिशात हात घालावा.

तो हेतू साधला. 1943 साली मिखोएल्स आणि फेफर यांना अमेरिका, मेक्सिको, कॅनडा आणि इंग्लंड अशा दौऱ्यावर पाठवण्यात आले. जुलैच्या 8 तारखेला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सभा झाली, तिला सुमारे 50,000 माणसे लोटली. आइन्स्टाइनने त्यांची भेट घेतली. त्या सभेचे छायाचित्र पाहताना माझ्या मनात येते, की या दोघांना तेव्हा वाटले असेल, आपल्या भाषेचे दिवस पालटले.

पण वर्तमानपत्राची एक खोडी असते. मालकाने ते ज्या कामासाठी काढले त्याच कामापुरते ते राहत नाही. वाचक त्याला दुसऱ्याच कामाला जुंपतो.

‘एयनिकाइट’चे तसेच झाले. अमेरिकेला ऐकू जावे म्हणून निघालेले हे पत्र ताश्कंदच्या निर्वासितांच्या हाती पडू लागले, उरलमधल्या कारखान्यांत पोहोचले, खंदकांत बसलेल्या शिपायांपर्यंत गेले. ज्या माणसाने चार वर्षांत आपल्या भाषेतले छापील अक्षर पाहिले नव्हते त्याला ते दिसले. आणि तो पत्र लिहू लागला. समितीकडे आणि तिच्या पत्राकडे टपालाचा ओघ सुरू झाला. माझे गाव अमुक, तिथे माझी आई आणि दोन बहिणी होत्या, कुणाला काही ठाऊक आहे का? मी गावी परतलो, घरात दुसरेच राहतात, ते दार उघडत नाहीत, कुणाकडे दाद मागू? आमच्या गावाबाहेरच्या दरीत काय झाले ते मी स्वतः पाहिले आहे, लिहून ठेवा. परदेशी प्रचारासाठी उघडलेली कचेरी पाहता पाहता मेलेल्यांची चौकशी करण्याची जागा झाली. तसे करायला कोणी सांगितले नव्हते. ते थांबवणेही कोणाला जमले नाही.

या पत्राचा सर्वांत मोठा क्षण कोणता, असे मला कोणी विचारले तर मी पोलो ग्राउंड्सची सभा सांगणार नाही. मी 1943 सालच्या नोव्हेंबरची 25 तारीख सांगेन. त्याच महिन्यात लाल सेनेने कीव्ह परत घेतले होते. वासिली ग्रोसमन हे लष्करी वार्ताहर म्हणून सेनेबरोबर युक्रेनमध्ये गेले, आणि गावेच्या गावे फिरताना त्यांच्या ध्यानात आले, की इथे ज्यू उरलेलाच नाही. कीव्हजवळच्या बाबी यारच्या दरीत 1941 च्या सप्टेंबरात दोन दिवसांत 33,771 माणसे गोळ्या घालून मारली गेली होती. हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात टिपून ठेवला. ग्रोसमनची स्वतःची आई बेर्दिचेव्ह गावात मारली गेली होती. त्यांनी लेख लिहिला, ‘ज्यूंविना युक्रेन’. सेनेच्या रशियन दैनिकाने तो छापला नाही. तो छापला ‘एयनिकाइट’ने, यिडिश भाषांतरात, 25 नोव्हेंबर आणि 2 डिसेंबरच्या अंकांत. पुढचा भाग आलाच नाही. रशियन वाचकाला तो लेख मिळाला तो कैक वर्षांनी, यिडिशवरून उलटा रशियनमध्ये आणलेला.

हा लेख छापणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. सरकारचे धोरण असे, की मेलेल्यांत भेद करायचा नाही. मारले गेले ते सारे ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’. 1944 साली बाबी यारचा सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातून ज्यू हा शब्द काढून तिथे हेच शब्द घातलेले होते. वरवर पाहता हे धोरण उदारच वाटते. सगळ्यांचे रक्त सारखे. पण ज्याला विशिष्ट नाव घेऊन मारले त्याचे नाव मेल्यावर पुसून टाकणे, यात कोणते औदार्य? त्या काळात त्या देशात ते नाव छापील अक्षरांत घेण्याजोगी जागा फार थोडी होती. तीही अशा भाषेत, जी वाचणाऱ्यांतले बहुतेक त्याच दरीत पडलेले होते.

इथे मला माझ्या मामांविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण या परक्या वर्तमानपत्राकडे मी ओढला गेलो तो त्यांच्यामुळे.

आमचे थोरले मामा गिरगावात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते आणि पक्के कम्युनिस्ट होते. ‘एयनिकाइट’ निघाले त्याच 1942 साली मुंबईत कम्युनिस्ट पक्षाचे ‘लोकयुद्ध’ निघू लागले. रशिया युद्धात उतरला, तेव्हा हे युद्ध आता लोकांचे युद्ध झाले, अशी पक्षाची भूमिका. त्यामुळे ‘चले जाव’च्या चळवळीला पक्षाचा विरोध. धाकटे मामा त्याच चळवळीत पकडले जाऊन येरवड्याला होते. एक भाऊ तुरुंगात, आणि दुसरा संध्याकाळी छापखान्यातून सुटल्यावर ठाकुरद्वारच्या नाक्यावर ‘लोकयुद्ध’ विकतो आहे! लोक त्यांच्या अंगावर ओरडत. एकदा कोणी गठ्ठाच गटारात फेकून दिला. आजी दोघांच्याही नावाने देवापुढे साखर ठेवी आणि म्हणे, “दोघांतला कोण बरोबर ते तूच बघ बाबा, मला दोघेही सुखरूप हवेत.” ही हकीकत आईने मला इतक्यांदा सांगितली आहे, की मी जणू तिथे होतो.

त्या पिढीला रशिया म्हणजे काय होता, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला आणि गिरणगावातल्या चाळी-चाळींतून डफावर तो गर्जला. व्होल्गाकाठच्या त्या शहराचे नाव न वाचता येणाऱ्या माणसांच्याही तोंडी बसले. मामा तो पोवाडा म्हणत तेव्हा त्यांचा किरकोळ आवाज बदलून जाई.

1956 साली क्रुश्चेव्हने स्टालिनचे कृत्य उघडे केले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरात कोणी काही बोलले नाही. मामांनी भिंतीवरून काही काढले नाही की पेटवून दिले नाही. त्यांच्या माळ्यावर ‘लोकयुद्ध’च्या अंकांचे एक गाठोडे होते. दरवर्षी दिवाळीची झाडलोट निघाली की मामी शिडीवरून विचारी, “ही रद्दी काढायची का?” आणि मामा खालून म्हणत, “राहू दे.” त्या वर्षीही त्यांनी “राहू दे” म्हटले. धाकटे मामा तिथेच बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले, पण ते गप्प राहिले. भावाच्या जखमेवर बोट ठेवण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, धीर करून त्यांना विचारले, “मामा, तुम्ही ते गाठोडे का ठेवलेत? त्यातले किती खरे निघाले?” ते चष्मा पुसत म्हणाले, “अरे, त्यात बंगालच्या दुष्काळाची पाने आहेत. ती मी जुळवलीत. माणसे रस्त्यावर मरत होती ते त्यात फोटोंसकट आले होते. ते काही खोटे नव्हते. बाकीचे पुढचे लोक बघतील.” आणि थोडे थांबून, “जे खरे होते तेही बरोबर रद्दीत घालायचे, हा कुठला न्याय?”

मला त्यांचे उत्तर तेव्हा पळवाटेसारखे वाटले नाही, आणि पूर्ण समाधानही झाले नाही. ‘एयनिकाइट’ची कथा वाचताना ते पुन्हा समोर उभे राहिले.

कारण पुढे काय झाले ते पाहा. युद्ध संपले, अमेरिका मित्राची शत्रू झाली. ज्या समितीला अमेरिकेशी बोलण्यासाठीच जन्माला घातले, तिने अमेरिकेशी बोलणे हाच आता गुन्हा झाला. ज्यू शूरांची वर्णने छापणे म्हणजे ज्यूंचा वाटा फुगवून सांगणे, म्हणजेच ‘राष्ट्रवाद’. 1946 सालच्या नोव्हेंबरातच पक्षाच्या एका टिपणात असा ठपका आला. एहरेनबुर्ग आणि ग्रोसमन यांनी साक्षी गोळा करून तयार केलेले ‘काळे पुस्तक’ छापायला घेतलेले होते. ते अडवून धरले गेले आणि 1948 साली त्याचे जुळवलेले खिळे मोडून टाकण्यात आले. एवढ्या पानांचे जुळलेले खिळे मोडायला किती वेळ लागतो, हे मामांनी सांगितले असते. जुळवायला महिने लागतात, मोडायला काही तास पुरतात. ते पुस्तक पुढे 1980 साली जेरुसलेमला निघाले.

1948 च्या जानेवारीत मिखोएल्सना कामाच्या निमित्ताने मिन्स्कला पाठवले. तिथे 12 तारखेच्या रात्री गुप्त पोलिसांनी त्यांचा खून केला आणि मोटारीचा अपघात झाला असे भासवण्यासाठी देह बर्फात टाकून दिला. मग मॉस्कोत सरकारी इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. खून करणाऱ्यांनीच हार वाहिले.

20 नोव्हेंबरला वरून निर्णय झाला: समिती विसर्जित करावी, तिची छापील पत्रे बंद करावीत, दप्तर जप्त करावे, आणि तूर्त कोणाला अटक करू नये. त्यातला ‘तूर्त’ हा शब्द वाचून अंगावर काटा येतो. ‘एयनिकाइट’चा त्या दिवशीचा अंक शेवटचा ठरला. ‘एमेस’ हे प्रकाशनगृह त्याच महिन्यात बंद झाले; पुढल्या वर्षी नाटकशाळाही. ‘तूर्त’ची मुदत महिनाभरात संपली. झुस्किन आजारी होते, इस्पितळात औषधाच्या गुंगीत झोपवून ठेवलेले होते. त्यांना झोपेतच उचलून नेले, आणि जाग आली ती तुरुंगात. एकामागून एक मार्किश, बर्गेल्सन, क्वित्को सगळे गेले. समितीचे जप्त केलेले कागद चौकशीला उपयोगी पडले. देशातल्या ज्यूंविषयी परदेशी धाडलेले साधे लेख म्हणजे हेरगिरी. क्रिमियात ज्यूंसाठी प्रजासत्ताक द्यावे असा 1944 सालचा अर्ज म्हणजे देशद्रोह.

1952 च्या मे महिन्यात पंधरा जणांवर बंद दाराआड खटला चालला. त्यांत कवी होते, अनुवादक होत्या, एका मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख बोरिस शिमेलियोविच होते, ज्यांनी मारहाणीतही गुन्हा कबूल केला नाही. लीना श्टेर्न या शास्त्रज्ञ होत्या, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या स्त्री सदस्या. फेफर आधीपासून गुप्त पोलिसांना बातम्या पुरवीत होता. त्याने सगळ्यांविरुद्ध जबानी दिली आणि न्यायालयात येऊन ती मागे घेतली. मुख्य न्यायाधीश चेप्त्सोव्ह यांनाही पुराव्यातला पोकळपणा दिसला. पुन्हा तपास व्हावा म्हणून त्यांनी वरिष्ठांचे दरवाजे ठोठावले. उत्तर मिळाले, ठरल्याप्रमाणे करा. त्यांनी ठरल्याप्रमाणे केले. 12 ऑगस्टला तेरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या दिवशी बर्गेल्सनना 68 वर्षे पूर्ण झाली होती. लीना श्टेर्न हद्दपारीवर सुटल्या. एक आरोपी तुरुंगात आजारी होऊन वारला. बातमी घरच्यांनाही सांगितली नाही. बायका-मुलांना कझाकस्तानात आणि सायबेरियात धाडले. ती माणसे तीन वर्षे जिवंत नवऱ्यासाठी अर्ज करीत राहिली. 1955 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले.

दिवाळीच्या अंकात ही हकीकत कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला वाटते, ज्या घरांत दर वर्षी आपल्या भाषेतला जाडजूड अंक येतो, आधी कोणी वाचायचा म्हणून ओढाताण होते, त्याच घरांना ती अधिक कळेल. 1909 साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला ही सवय आहे. भाषा चालू राहणे आपण गृहीत धरतो. ती बंद पाडायला शत्रूच लागतो असे नाही. एक सही पुरते. हिटलरने यिडिश वाचणारे मारले, आणि उरलेल्यांसाठी लिहिणारे स्टालिनने. वाचकाविना लेखक किंवा लेखकाविना वाचक, कोणता अधिक पोरका?

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. ‘एयनिकाइट’ चांगले होते की वाईट? त्याने जयजयकार केला. त्याने पुष्कळ काही दडवले. ज्या व्यवस्थेची त्याने आरती ओवाळली तिनेच त्याला गिळले, तेव्हा केले तसे भरले, असे म्हणणारेही भेटतील. पण 25 नोव्हेंबरचा अंक त्यानेच छापला. निर्वासित आईचे पत्र त्याच्याच टपालात आले. जयजयकाराची वाक्ये आज कोणी वाचत नाही, वाचण्याजोगी नाहीत. ती गावांची नावे मात्र अभ्यासक आजही शोधीत असतात, कारण काही गावांचा अखेरचा उल्लेख अशाच कागदांत उरला आहे. खोट्या सुरात गाणाऱ्या तोंडातून खरा हुंदका निघू शकतो, हे मानायला आपण तयार नसतो. एक तर माणूस सगळा शुद्ध हवा, नाही तर सगळा टाकाऊ. मामांचे गाठोडे या हिशेबात बसत नव्हते, म्हणून ते माळ्यावर राहिले.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. 1949 च्या जूनमध्ये पॉल रॉबसन मॉस्कोला गायला आला. फेफर तेव्हा कैदेत होता. रॉबसनने त्याला भेटायचा हट्ट धरला, तेव्हा त्याला कपडे चढवून हॉटेलात आणण्यात आले. रॉबसनच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे, की खोलीत कान लावलेले असणार म्हणून फेफरने खुणांनीच सारे सांगितले. त्यानंतरच्या मैफलीत रॉबसनने विल्नाच्या ज्यू बंडखोरांचे गाणे म्हटले, ते यिडिशमध्ये. ज्या शहरात यिडिश वर्तमानपत्र बंद करून सात महिने झाले होते, त्या शहरात भरल्या सभेपुढे ती भाषा पुन्हा ऐकू आली, एका काळ्या अमेरिकन गायकाच्या तोंडून. अमेरिकेत परतल्यावर मात्र तो या विषयी उघड बोलला नाही. त्याच्याही माळ्यावर एक गाठोडे असणार.

आणि मग 1956 च्या एप्रिलची 4 तारीख. कवी मारले गेले, हे कम्युनिस्टांच्या गोटातून पहिल्यांदा उघडपणे छापले गेले ते वॉर्सामध्ये, ‘फोल्क्सश्टिमे’ नावाच्या पत्रात. ते पत्र कम्युनिस्ट होते, आणि यिडिश होते. मॉस्कोतल्या भावाची मरणवार्ता वॉर्सातल्या भावाने सांगितली, तीही त्याच लिपीत, उजवीकडून डावीकडे. पक्षाची शिस्त त्या संपादकांनाही होती, भीतीही असणार. पण वाचक विचारत होते, आमचे कवी कुठे आहेत? त्यांना उत्तर देणे भाग पडले. मॉस्कोला यिडिश नियतकालिक पुन्हा मिळायला 1961 साल उजाडावे लागले.

वर्तमानपत्राचा मालक कोण, हा प्रश्न आपण नेहमी कागदोपत्री सोडवतो: मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक. ‘एयनिकाइट’च्या कागदावर सोव्हिएत सरकार मालक होते, आणि मालकाने ते आपल्या हक्काने बंद केले. परंतु ताश्कंदहून एक बाई गावाचे नाव लिहून विचारते, कुणाला काही ठाऊक आहे का, आणि ते पत्र एका अनोळखी टेबलावर कोणी उघडून वाचते, त्या क्षणी मालकी बदलते. ती बदललेली मालकी कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. म्हणून ती जप्तही करता येत नाही.

मामा गेले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गाठोडे माझ्याकडे आले. दिवाळीची झाडलोट निघाली की माझी नात शिडीवरून विचारते, “आजोबा, हे काय आहे?” मी तिला खाली बसवून बंगालच्या दुष्काळाचे पान दाखवतो. बाकीची पानेही दाखवतो. खरे कुठले आणि खोटे कुठले, हे तिचे तिने निवडावे.